रेडिओलहरी आणि अकाली जन्मलेली अर्भके
गर्भावस्थेचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या अर्भकांवर मोबाइल फोन, वाय-फाय व मोबाइल मनोरे यांच्या रेडिओलहरींचा होणारा संभाव्य परिणाम. या लहरी अनायनकारी असून ऊतक तापणे हा त्यांचा सिद्ध परिणाम होय. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ व तापमान-नियमन अपरिपक्व असते. तथापि विकासावरील हानी सिद्ध झालेली नाही. इन्क्यूबेटरच्या मोटारीचे चुंबकीय क्षेत्र अत्यल्प वारंवारतेचे, म्हणून या लहरींहून वेगळे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने मनोऱ्यांच्या लहरींच्या तीव्रतेची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली (९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौ. मी.). पिंपरी-चिंचवड, चाकणसारख्या दाट वस्तीच्या औद्योगिक पट्ट्यात मनोरे नजरेत भरतात. परंतु अंतराबरोबर तीव्रता झपाट्याने घटते. त्यामुळे पाळण्यालगतचा फोन दूर ठेवणे, ही सोपी खबरदारी.