तेलसंकट, जपानमधील (१९७३)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानच्या औद्योगिक उत्कर्षास मध्यपूर्वेतील स्वस्त खनिज तेलाचा मोठा आधार होता. त्यापुढे देशी कोळसा टिकला नाही. मीइके खाणीतील कामगारांचा १९६० चा प्रदीर्घ संपही निष्फळ ठरला. १९७३ पर्यंत देशाची सु. तीन-चतुर्थांश ऊर्जा तेलापासून मिळत होती व ते जवळजवळ सर्वच आयात होत असे.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इझ्राएल युद्धात अरब देशांनी तेलपुरवठ्यात कपात केली आणि काही महिन्यांतच तेलाची किंमत सु. चौपट झाली. परराष्ट्र धोरणात एरवी अमेरिकेस अनुसरणाऱ्या जपानने २२ नोव्हेंबर रोजी, इझ्राएलने १९६७ मध्ये व्यापलेला प्रदेश सोडावा, असे निवेदन काढले. त्यामागे तत्त्वापेक्षा टंचाईची धास्तीच अधिक होती. डिसेंबरअखेर अरब देशांनी जपानला मित्रराष्ट्र मानून कपातीतून सवलत दिली; महाग तेलाचे ओझे मात्र कायम राहिले. १९७४ मध्ये ग्राहक किंमती सु. २३ टक्क्यांनी वाढल्या आणि युद्धोत्तर काळात प्रथमच राष्ट्रीय उत्पादन घटले.

सर्वाधिक हानी ॲल्युमिनियम-निर्मितीची झाली. एक टन धातूस सु. १५,००० किलोवॉट-तास वीज लागते आणि ती प्रामुख्याने तेलावर निर्माण केली जात असे. १९७७ मधील सु. १२ लाख टनांचे उत्पादन १९७९ च्या दुसऱ्या दरवाढीनंतर झपाट्याने ओसरले. कंपन्यांनी इंडोनेशियातील आसाहानसारख्या जलविद्युत् प्रकल्पांची वाट धरली. फूजी नदीवरील स्वतःच्या विजेवर चालणारा कांबारा येथील एकच कारखाना मागे उरला. तेथील धातुनिर्मिती २०१४ मध्ये थांबली.