‘सिस्टीम कशी चुकेल?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट

गेल्या आठवड्यात एका आजींबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. पेन्शन का थांबली, एवढंच विचारायचं होतं. स्क्रीनवर आजी ‘मयत’. खिडकीतला माणूस म्हणाला, “सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय. सिस्टीम कशी चुकेल?” आजी त्याच्यासमोर उभ्या!

मला ४० वर्षांपूर्वीचं टायलरचं प्रकरण आठवलं. टायलर हे अमेरिकेतल्या टेक्सासमधलं शहर. तिथल्या कॅन्सर सेंटरमध्ये थेरॅक-२५ नावाचं रेडिएशन देणारं मशीन होतं, कॅनडाच्या सरकारी कंपनीनं बनवलेलं. आधीच्या मॉडेलमध्ये गडबड झाली तर किरण अडवायची वेगळी यंत्रणा होती. यात ती काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला.

२१ मार्च १९८६. ऑपरेटर बाईंनी ‘ई’ऐवजी ‘एक्स’ टाइप केलं, लगेच दुरुस्त केलं आणि उपचार सुरू केला. स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’. असले मेसेज नेहमीचेच, म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आत रुग्णाला जबर झटके बसले. द्यायचे होते १८० रॅड. गेले १६ हजारांच्या वर, असा अंदाज नंतर निघाला.

कंपनीचे इंजिनिअर आले. त्यांना काहीच सापडलं नाही. जास्त डोस जाणं शक्यच नाही, असं उत्तर मिळालं आणि मशीन पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला दुसरा रुग्ण, तोच मेसेज. दोघंही पुढे त्यातच गेले.

मग तिथले फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर यांनी मशीन बंद ठेवलं आणि त्याच ऑपरेटर बाईंना सोबत घेतलं. त्या दिवशी काय दाबलं, कोणत्या क्रमानं दाबलं, ते सगळं पुन्हा पुन्हा करून बघितलं. शेवटी चूक हाती लागली. दुरुस्ती भरभर केली की ‘५४’ येतो! मशीनमधली चुंबकं सेट व्हायला सुमारे ८ सेकंद लागायची. तेवढ्यात केलेला बदल प्रोग्रामच्या नजरेतून सुटायचा. बाईंचा हात सरावानं वेगात चालायचा. कंपनीच्या लोकांनाही वेगाचं सांगितल्यावरच चूक दिसली.

म्हणजे हेगरांनी वेगळं काय केलं? तक्रार खरी धरली आणि जिच्यासमोर घडलं तिलाच विचारलं. ‘आम्हाला दिसली नाही’ म्हणजे ‘चूक नाही’ असं होत नाही.

आणि एक चूक सापडली म्हणून काम संपत नाही. जानेवारी १९८७ मध्ये याकिमा इथं याच मशीनवर आणखी एक अपघात झाला. तिथली चूक वेगळीच होती.

आजींच्या स्क्रीनचा फोटो काढलाय, तारीख-वेळ लिहून ठेवलीय. ‘मयत’ ही नोंद कधी, कोणत्या कागदावरून झाली, असा लेखी अर्ज दिलाय. तुमच्या बाबतीत असं झालं तर तुम्हीही एवढं कराच. नुसतं “सिस्टीममध्ये तसंच आहे” ऐकून घरी परतू नका.