दिल्लीच्या खेड्यांतील कमानी

दिल्ली म्हटले की शहाजहानचा लाल किल्ला, जामा मशीद आणि कुतुबमिनार ही तीन नावे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. परंतु सुलतानशाहीच्या काळातील दिल्ली या प्रसिद्ध स्थळांपुरती कधीच नव्हती. ती मेहरौली, बेगमपूर, खिडकी, तुघलकाबाद, अनंगपूर अशा खेड्यापाड्यांतून विखुरलेली होती. राजधानी एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली, राजवंश लयाला गेले, तट ढासळले. आणि त्या पडक्या तटांच्या आत जाट व गुजर शेतकऱ्यांनी आपली घरे बांधली. शतकानुशतके या वास्तू गव्हाच्या शेतांत आणि बाभळींच्या सावलीत उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे क्रमाने पाहत गेले, तर बांधकामविद्येतील एका मोठ्या परिवर्तनाची कथा टप्प्याटप्प्याने उलगडत जाते. ती कथा म्हणजे दगडी कमानीची.

युरोपातही जवळपास याच सुमारास अशीच एक कथा घडत होती. अकराव्या व बाराव्या शतकांतील तेथील वास्तुशैलीला पुढे रोमनेस्क हे नाव मिळाले. प्राचीन रोमची अर्धवर्तुळाकार कमान तेथील गवंड्यांनी पुन्हा हाती घेतली, आणि लाकडी छपरांच्या जागी दगडी छते उभारण्याचे साहस केले. कमानीचा भार केवळ खाली येत नाही, तो दोन्ही बाजूंना रेटा देतो. म्हणून त्यांनी भिंती जाड ठेवल्या आणि खिडक्या लहान. इंग्लंडातील डरहॅमचे भव्य चर्च १०९३ मध्ये पायाभरणी होऊन उभे राहू लागले. परंतु या शैलीचे खरे माहेर खेड्यांत आहे. स्पेनच्या उत्तरेस कॅटलोनियातील बोई खोऱ्यात गावोगावी अशी साधी, ठेंगणी चर्चे आहेत. ताउल गावातील एका चर्चवर ११२३ हे वर्ष नोंदलेले आहे.

त्या शतकांत दिल्लीच्या परिसरातील पाथरवटांची परंपरा निराळी होती. आजच्या हरियाणातील फरिदाबादजवळ, अरवलीच्या डोंगरात, अनंगपूरचा बांध आणि सूरजकुंड ही तोमर राजवटीची दोन स्मारके आहेत. अनंगपूरचा बांध सुमारे ५० मीटर लांब व ७ मीटर उंच आहे. सूरजकुंडाच्या दगडी पायऱ्या अर्धवर्तुळाकार उतरत जातात. दगडावर दगड ठेवावा, खांबांवर तुळई ठेवावी आणि भार सरळ जमिनीत उतरवावा, ही त्या परंपरेची रीत. महाराष्ट्रातील हेमाडपंती देवळांत हीच रीत दिसते. कमान भारताला ठाऊकच नव्हती असे मात्र नव्हे. कानपूरजवळच्या भीतरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात खरी कमान आहे. परंतु दगडी कामात तिचा प्रसार झाला नव्हता, कारण तिच्यावाचून येथील पाथरवटाचे काही अडत नव्हते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस दिल्ली जिंकणाऱ्यांना मात्र कमान हवी होती. कुतुबच्या मशिदीसाठी २७ देवळांचे साहित्य वापरल्याचे तेथील शिलालेखच सांगतो. त्या उद्ध्वस्त देवळांचे खांब एकावर एक चढवून ओवऱ्या उभ्या झाल्या. मग ११९९ च्या सुमारास त्यांच्यापुढे कमानींची उंच भिंत बांधण्यात आली. मधली कमान सुमारे ५० फूट उंच आहे. दुरून पाहणाऱ्यास ती पश्चिम आशियातील वाटते. जवळ जाताच तिच्यातील हिंदी हात ओळखू येतो. तिचे दगड पाचरीसारखे घडवून एकमेकांत अडकवलेले नाहीत. ते आडवे थर आहेत, आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवलेला आहे. मागणी नव्या धन्याची आणि कृती जुन्या कारागिराची, असा हा संयोग आहे. त्यात जेत्याचा ताठा आहे आणि जितांच्या भग्न देवळांची वेदनाही आहे. इतिहासाने यांपैकी कोणतीही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

यानंतरचा टप्पा मलकपूर-रंगपुरीच्या माळावर आहे. अल्तमशाने आपला ज्येष्ठ पुत्र नासिरुद्दीन महमूद याच्यासाठी १२३१ मध्ये तेथे कबर बांधली. तिला सुलतान घारी म्हणतात. बाहेरून ती एखाद्या गढीसारखी दिसते. चारही कोपऱ्यांना बुरूज आहेत. कबर आहे ती जमिनीखालच्या अष्टकोनी तळघरात. येथेही कमानी आहेत त्या जुन्याच पद्धतीच्या, पुढे सरकवलेल्या थरांच्या. या वास्तूचे जीवन राजवंशाबरोबर संपले नाही. आसपासच्या गावांतील हिंदू व मुसलमान दोघेही तिला पिराचे स्थान मानत आले, आणि गुरुवारी तेथे दिवे लावीत आले. राजपुत्राचा पराक्रम कोणाच्या स्मरणात नाही. त्याच्या कबरीवरचा दिवा मात्र तेवत राहिला.

मेहरौलीत बल्बनाच्या, म्हणजे १२८७ च्या सुमाराच्या कबरीत अखेर तो बदल दिसतो. वास्तू आज अगदी मोडकळीस आलेली आहे. घुमट कोसळला आहे, गिलावा उडाला आहे आणि अनघड दगड उघडे पडले आहेत. तरीही दिल्लीच्या वास्तूंत खऱ्या कमानीचा पहिला शिल्लक राहिलेला नमुना म्हणून तिचे मोल फार मोठे आहे. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांवर रेटा देत तेथे उभे आहेत. कुतुबच्या भिंतीपासून येथवर येण्यास जवळजवळ ९० वर्षे लागली. मंगोल स्वाऱ्यांमुळे मध्य आशियातील अनेक माणसे दिल्लीच्या आश्रयास आली होती. त्यांच्याबरोबर ही विद्याही आली, आणि येथील गवंड्यांनी ती आत्मसात केली. पुढे १३११ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने कुतुबच्या आवारात अलाई दरवाजा बांधला, तेव्हा कमान व घुमट दोन्ही पूर्णत्वास पोहोचले होते. याच अल्लाउद्दीनाने १२९६ मध्ये देवगिरीच्या रामदेवरायावर स्वारी करून अपार संपत्ती नेली होती. त्यामुळे त्या देखण्या दरवाजापुढे उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाचे मन क्षणभर गोदावरीकाठी गेल्यावाचून राहत नाही.

देवगिरी आणि दिल्ली यांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या वेळी, १३१८ मध्ये, देवगिरीच्या किल्ल्यात मशीद झाली, ती पुन्हा देवळांच्या खांबांतूनच. दिल्लीत १२० वर्षांपूर्वी जे घडले तेच दक्षिणेत पहिल्यापासून घडले. त्याच वास्तूत १९४८ पासून भारतमातेचे मंदिर आहे. त्यानंतर महंमद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीचे दौलताबाद करून राजधानीच तिकडे हलवली. काही वर्षांत ती दिल्लीस परतलीही.

तुघलकांच्या बांधकामांत कमान हा नवलाचा विषय राहिला नाही. ती नित्याची सोय झाली. घियासुद्दीनाच्या तुघलकाबादेत भिंती पायाशी जाड आणि माथ्याकडे कललेल्या आहेत. त्याच्या कबरीच्या दारात कमानीखाली आडवी तुळईही बसवली आहे. दोन परंपरा तेथे एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. बेगमपूरच्या विशाल मशिदीत अनघड दगड, चुना आणि गिलावा एवढ्याच साध्या साहित्यातून कमानींच्या लांबच लांब रांगा उभ्या केल्या आहेत. खिडकी गावाची मशीद तर नवी कल्पना घेऊन आली. तिचा चौरस आराखडा २५ चौकांत विभागला आहे. त्यांपैकी चार चौक उजेडासाठी उघडे, नऊ चौकांवर प्रत्येकी नऊ लहान घुमट आणि बारांवर सपाट छत. तिच्या जाळीदार खिडक्यांवरूनच गावाला नाव मिळाले. जाड भिंती, अंधुक गारवा आणि अलंकाराची अनास्था, या गोष्टींमुळे युरोपातील रोमनेस्क चर्चे पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. वस्तुतः दोघांत देवाणघेवाण नव्हती. दगडाचे भारशास्त्र मात्र दोन्हीकडे एकच होते.

राजसत्ता गेल्यावर या वास्तू सांभाळल्या त्या खेड्यांनी, आणि त्याही आपल्या पद्धतीने. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बेगमपूरचे गावकरी मशिदीच्या आतच राहत होते; कमानीखाली चुली पेटत, अंगणात गुरे बांधलेली असत. पुरातत्त्व खात्याने नंतर त्यांना बाहेर वसवले. विद्वानांना ही विटंबना वाटली असेल. परंतु ज्या छपराखाली माणूस राहतो त्याचे दगड तो सहसा उपटून नेत नाही. १९१६ ते १९२२ या काळात मौलवी जफर हसन यांची चार खंडांची सूची प्रसिद्ध झाली. तीत दिल्ली परिसरातील तेराशेहून अधिक वास्तूंची नोंद आहे, आणि तिचे अखेरचे खंड मुख्यतः या ग्रामीण भागालाच वाहिलेले आहेत.

त्या सूचीतील खेडी आता खेडी उरलेली नाहीत. राजधानीने त्यांची शेते घेतली आणि गावठाणे तेवढी मागे ठेवली. १९०८ मध्ये गावठाणाभोवती आखलेल्या सीमेला लाल डोरा म्हणतात. त्या सीमेच्या आत बांधकामाच्या नियमांना दीर्घकाळ सूट मिळाली, आणि मजल्यावर मजले चढत घरे मशिदींना जाऊन भिडली. खिडकीच्या मशिदीत २०१८ मध्ये दुरुस्तीच्या वेळी तांब्याची २५४ जुनी नाणी सापडली. अजूनही या भिंतींजवळ सांगण्यासारखे बरेच आहे, याची ती साक्ष होय. उलट, देशातील २४ संरक्षित स्मारकांचा ठावठिकाणाच लागत नाही, असे २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे आले. त्यांत दिल्लीतील दोन होती. एक मुबारकपूर कोटला या जुन्या खेड्यातील घुमटी.

बोई खोऱ्यातील नऊ लहान चर्चांना २००० मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो एकत्रित मिळाला. त्यांचे मोल समूहात आहे, हे तेथे ओळखले गेले. दिल्लीच्या खेड्यांतील वास्तूंचेही तसेच आहे. कुतुबमिनाराला राखणारे पुष्कळ आहेत. बल्बनाची भग्न कमान किंवा रंगपुरीचे तळघर नाहीसे झाले, तर कुतुबची ती उंच भिंत आणि अलाई दरवाजा यांच्यामधली १०० वर्षे मुकी होतील. कमानीतील एकच दगड निखळला तरी बाकीचे फार काळ जागेवर राहत नाहीत. ही गोष्ट त्या काळच्या गवंड्यांना चांगली ठाऊक होती.