पाते आणि त्याचे आवरण : खानदेशातील वनजीवनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना
जंगलात वावरणाऱ्या माणसाला धारदार पाते जितके आवश्यक, तितकेच ते स्वतःला इजा न होता वाहून नेण्याचे साधनही आवश्यक असते. चढणीवर पाय घसरला तर उघडी धार प्रथम नेणाऱ्यालाच लागते. तथापि इतिहासलेखनात पात्याची नोंद होते, त्याच्या आवरणाची क्वचितच. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेलेला खानदेश, विशेषतः आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे, यांच्या संदर्भात या उणिवेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुराव्याचे स्वरूप
जळगाव जिल्ह्यातील बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे (आता नंदुरबार जिल्हा) येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे अवशेष मिळाले. त्यांत दगडी पाती आहेत. ती ज्यात ठेवली जात असतील ते चामडे, साल वा बांबू मात्र काळाच्या ओघात नष्ट झाले. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या मानवाजवळ चकमकीच्या दगडाचा खंजीर होता, आणि त्यासोबत झाडाच्या अंतर्सालीचे विणलेले म्यानही होते. ते बर्फामुळे टिकले. म्हणून आवरणाचा पुरावा नसणे म्हणजे आवरण नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

घरगुती साधने
या साधनांमागील तत्त्वे दोन : धार झाकणे आणि हात मोकळे ठेवणे. भिल्लांचा बांबूचा भाता पहिल्या तत्त्वाचे उत्तम उदाहरण होय. बांबूचे पेर हीच नळी व त्याची गाठ हाच तळ. बाणांची टोके आत राहतात. सह्याद्रीच्या कोकणाकडील उतारावर कमरेच्या दोरीला पाठीमागे आकडी बांधून तीत कोयता अडकवितात. येथे धार झाकलेली नसते. परंतु ती एका जागी स्थिर राहते आणि झाडावर चढण्यास दोन्ही हात मोकळे मिळतात. शेतकऱ्याने विळ्याच्या धारेला चिंधी गुंडाळणे किंवा घरी आल्यावर तो मुलांच्या हाती लागणार नाही असा छपरात खोचून ठेवणे, हीही त्याच विवेकाची रूपे होत. भाषेने मात्र मान दिला तो तलवारीच्या म्यानाला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण सर्वांस ठाऊक आहे, विळ्याची चिंधी मात्र म्हणीत आली नाही.

कायद्याची दृष्टी
इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर भिल्लांकडे प्रामुख्याने बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्याकडे खानदेश भिल्ल पलटणीची उभारणी सोपविण्यात आली. पुढे १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. शस्त्र कायद्याने धनुष्यबाणाची गणना शस्त्रांत केली. वन कायद्याने वनगुन्ह्यात वापरलेली अवजारे जप्त करण्याचा अधिकार दिला. ही जप्तीची तरतूद १९२७ च्या वन कायद्यातही कायम राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. म्हणजे एकाच लोखंडी पात्याचा अर्थ ते कोणत्या कामासाठी आहे यावर ठरू लागला. हे काम पात्यावर लिहिलेले नसते. कमरेची आकडी व धारेवरची चिंधी ही मात्र रोजच्या कष्टाची साक्ष देतात.

निष्कर्ष
वनवासी समाजाच्या हातातील पाते अभिलेखांत बहुधा शस्त्र किंवा जप्तीचा माल म्हणून येते. ते जपून नेण्यामागील काळजी तेथे येत नाही. केवळ पाती जमविणारे संग्रहालयही नकळत हीच एकांगी दृष्टी पुढे चालविते. म्हणून महाविद्यालयीन क्षेत्रकार्यात अवजाराची नोंद करताना ते कशात ठेवतात, कोठे बांधतात व ते साधन कोणी बनविले, हे तीन प्रश्न आवर्जून विचारले जावेत. ही साधने नाशवंत आहेत. ती वापरणारी माणसे आहेत तोवरच ही नोंद शक्य आहे.