पोटाचे अस्तर : एका शब्दाची गोष्ट

चाकणच्या एका कारखान्यात कामाला जाणाऱ्या आमच्या गटातल्या एका ताईंचे पोट दोन दिवस दुखत होते. खाडा नको म्हणून पित्ताची गोळी घेऊन त्या पाळीला जात राहिल्या. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटले. ऑपरेशन झाले, ताई वाचल्या. घरी आलेल्या कागदावर लिहिले होते, ‘पेरिटोनायटिस’. बचत गटाच्या बैठकीत तो कागद सगळ्यांच्या हातून फिरला, पण अर्थ कुणालाच लागेना. मग आम्ही त्या शब्दाचा माग काढला.

आम्ही पिशव्या शिवतो, त्यांना आतून अस्तर लावतो. पोटालाही तसेच पातळ, ओलसर अस्तर असते. ते पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेले असते आणि तेच वळून जठर-आतड्यांनाही गुंडाळते. त्याच्या ओलाव्यामुळे आतडी न घासता सरकतात. ग्रीकांनी त्याला ‘भोवती ताणलेले’ अशा अर्थाचे नाव दिले, त्यावरून पेरिटोनियम. मराठीत पर्युदर : परि म्हणजे भोवती, उदर म्हणजे पोट. ग्रीक ‘पेरि’ आणि आपले ‘परि’ एकाच मुळाचे! या अस्तराला सूज आली की पेरिटोनायटिस, म्हणजेच पर्युदरशोथ.

पोटाच्या आतले दुखणे आपल्याकडे जुन्या काळापासून ओळखीचे आहे. आतड्याला भोक पडले तर पोट उघडून, काळ्या मुंग्यांच्या डंखाने कडा जोडण्याचा उपाय सुश्रुतसंहितेत आहे. आजीच्या तोंडचा ‘जलोदर’ही जुनाच. त्यात पाणी साठते ते याच अस्तराच्या पोकळीत. पुढे १९६० साली राज्यात भाषा संचालनालय सुरू झाले, शास्त्रांसाठी मराठी परिभाषा कोश निघाले. पण पर्युदर पुस्तकात राहिले, दवाखान्यात इंग्रजी चालले आणि आपल्या तोंडी उरले एवढेच, ‘पोटात दुखतंय.’

तेवढ्यावर भागत नाही. पोट फळीसारखे कडक होणे, हलले-खोकले तरी कळ येणे, सोबत ताप, उलट्या, पोट फुगणे, ही या अस्तराच्या सुजेची लक्षणे असू शकतात. तेव्हा गोळी घेऊन वाट पाहू नका, शेक घेऊ नका, पोट चोळू नका. लगेच मोठा दवाखाना गाठा. एका दिवसाचा खाडा परवडतो.

आणि सही करण्याआधी विचारा, ‘डॉक्टर, याचा मराठीत अर्थ काय?’ आमच्या ताई आता प्रत्येक कागदावर हेच विचारतात.