जागतिक स्पोर्ट्‌स कार अजिंक्यपद स्पर्धा, १९५३

स्पोर्ट्‌स कार प्रकारातील मोटारींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतमालिकेचा पहिला हंगाम.

फ्रान्समधील ल मां (१९२३ पासून) आणि इटलीतील मिल्ले मिल्या (१९२७ पासून) यांसारख्या स्वतंत्र शर्यती आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (पहा : एफआयए) १९५३ मध्ये एका मालिकेत गुंफल्या. अजिंक्यपद चालकासाठी नसून मोटार-उत्पादकासाठी होते. पहिल्या सहा क्रमांकांना अनुक्रमे ८, ६, ४, ३, २ व १ गुण मिळत. एकाच उत्पादकाच्या अनेक मोटारी आल्या, तरी त्यांपैकी सर्वांत पुढच्या मोटारीचेच गुण धरले जात.

मार्च ते नोव्हेंबर या काळात सात देशांत सात शर्यती झाल्या. विजेत्या मोटारी अशा : सेब्रिंग (अमेरिका) – कनिंगहॅम, मिल्ले मिल्या – फेरारी, ल मां – जॅग्वार, स्पा (बेल्जियम) व न्यूर्बर्गरिंग (जर्मनी) – फेरारी, डंड्रॉड (उत्तर आयर्लंड) – ॲस्टन मार्टिन, कारेरा पानामेरिकाना (मेक्सिको) – लान्चिया, चालक ह्वान मान्वेल फांजिओ. अजिंक्यपद फेरारीला मिळाले. जॅग्वार दुसऱ्या स्थानी राहिली.

ल मां येथे टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वार सी-टाइप मोटारीला चकती-गतिरोधक होते (पहा : गतिरोधक). २४ तासांच्या या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांपलीकडे (सु. १६१ किमी.) गेला. पुढे हे गतिरोधक सर्वसाधारण मोटारींतही रूढ झाले. मिल्ले मिल्या व कारेरा या खुल्या रस्त्यांवरील शर्यती अनुक्रमे १९५७ व १९५४ नंतर बंद पडल्या. मालिका १९९२ पर्यंत चालली. २०१२ पासून जागतिक सहनशक्ती अजिंक्यपद स्पर्धा घेतली जाते (पहा : मोटार शर्यती).