अफवेला घर कोण देतं? एकटेपणा, षड्यंत्राच्या गोष्टी आणि आपली चळवळ

२० मार्च १९२७ रोजी महाडला काय घडलं, हे आपल्या वस्तीतल्या लहान मुलालाही माहीत असतं. बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि मागोमाग हजारो माणसं पाणी प्याली. पण त्याच दिवशी पुढे जे घडलं त्याचा आपण पुरेसा विचार करत नाही. गावात बातमी पसरवली गेली की, "हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत." तसा कोणताही बेत नव्हता. परिषद संपली होती, लोक जेवून आपापल्या गावी निघण्याच्या तयारीत होते. तरी काठ्या घेऊन जमाव मंडपावर धावून आला, अन्न मातीत मिसळलं, माणसांची डोकी फुटली. नंतर त्या तळ्याचं पंचगव्याने "शुद्धीकरण" झालं.

एका खोट्या वाक्यावर अख्खं गाव का उठलं? "मनुवादी होते म्हणून" हे उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. द्वेष रोजचाच होता, काठ्या त्या दिवशी निघाल्या. मधे अफवा होती. अफवेला डोक्यात घर करू देणारी जमीन कशी तयार होते, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. आणि तो फक्त "त्यांच्या"बद्दलचा प्रश्न नाही, आपल्याबद्दलचाही आहे.

माझ्या कामात भेटलेल्या एका मुलाचं सांगते. स्पर्धा परीक्षेसाठी गावाहून पुण्याला आला. कॉट बेसिसवर राहायचा. दोनदा पूर्व परीक्षेत अडकला, बरोबरचे मित्र पांगले, घरी फोन करायची लाज वाटू लागली. मग रात्र रात्र मोबाईल. सहा महिन्यांनी तो मला ठामपणे सांगत होता की लस म्हणजे आपली लोकसंख्या संपवण्याचा डाव आहे, आणि चळवळीतला प्रत्येक नेता कुणाचा ना कुणाचा एजंट आहे. पोरगा हुशार, पदवीधर. त्याला माहिती कमी नव्हती. त्याच्याकडे एकही माणूस नव्हता, जो म्हणेल, "अरे, हे तुला कुणी सांगितलं? चल, बघू या."

ही फक्त माझी समजूत नाही. नॉर्वेमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांचा शाळकरी वयापासून जवळपास तीन दशकं पाठपुरावा करणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरवयात जे जास्त एकाकी होते आणि ज्यांचा एकाकीपणा पुढे वाढत गेला, त्यांच्यात मध्यमवयात "जगामागे गुप्त कट आहे" असं मानण्याकडे कल जास्त दिसला. याचा अर्थ प्रत्येक एकटा माणूस भ्रमिष्ट होतो असा नाही. संबंध आहे, नियम नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

आता इतिहासाकडे येऊ. जगातली सगळ्यात घातक षड्यंत्र-कथा म्हणजे "प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन". ज्यू पुढारी गुप्त बैठका घेऊन जग ताब्यात घेणार आहेत, असं सांगणारा हा बनावट दस्तऐवज १९०३ मध्ये रशियातल्या एका वर्तमानपत्रात छापला गेला. १९२१ मध्ये लंडनच्या "टाइम्स"ने पुराव्यानिशी दाखवलं की त्यातला मोठा भाग १८६४ च्या एका फ्रेंच पुस्तकातून उचललेला आहे. मोरिस जोली याचं ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनवर टीका करण्यासाठी लिहिलेलं होतं, त्याचा ज्यूंशी काही संबंध नव्हता. म्हणजे चोरी उघड झाली, मुद्देमालासकट. तरी पुस्तक खपत राहिलं. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या वर्तमानपत्राने त्याचा प्रचार केला, जर्मनीत नाझींनी ते डोक्यावर घेतलं.

पुरावा हरला, कारण ऐकणारा माणूस पुराव्याच्या शोधात नव्हता. १९१८ चा पराभव, १९२३ ची भयानक महागाई, १९३२ च्या सुमारास साठ लाखांच्या घरात गेलेली बेकारी. कालपर्यंत ज्याला काम होतं, ओळख होती, तो आज कुणाचाच नव्हता. हाना आरेंट ही जर्मन ज्यू विचारवंत १९३३ मध्ये देश सोडून पळाली, अनेक वर्षं कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. तिने "द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरियनिझम" (१९५१) या ग्रंथात आणि त्याला पुढे जोडलेल्या प्रकरणात मांडलं की एकाकीपणा ही हुकूमशाहीची जमीन आहे. तिने एकांत आणि एकाकीपणा यांत फरक केला. एकांतात माणूस स्वतःच्या सोबत असतो, स्वतःशी वाद घालतो. एकाकी माणसाला स्वतःचीही सोबत उरत नाही. जगाचा भरवसा तुटला की त्याला सगळं नीट जुळवून दाखवणारी गोष्ट हवी असते. खरं जग विस्कळीत असतं, खोटी गोष्ट मात्र चोख जुळते.

विपश्यनेला बसलेल्या माणसाला हा फरक वेगळा सांगायला नको. भिक्खूही एकांतात बसतो, पण त्याच्यामागे संघ असतो.

पण इथे थांबलो तर चूक होईल. "माणसं जोडा, म्हणजे अफवा थांबतील" इतकं ते सोपं नाही. त्या काळच्या जर्मनीत गायन मंडळं, व्यायाम मंडळं, माजी सैनिकांच्या संघटना भरपूर होत्या. अलीकडच्या संशोधनात असं आढळलं की ज्या शहरांत अशा संघटना दाट होत्या, तिथे नाझी पक्षाची सदस्यसंख्या उलट जास्त वेगाने वाढली. म्हणजे माणसं जमली होती, पण आपापल्यांतच.

हे कोडं आपल्याला बाबासाहेबांनी आधीच उलगडून दिलं आहे. १९३६ च्या "जातिप्रथेचं निर्मूलन" या भाषणात ते सांगतात की जातींचा समूह म्हणजे समाज नव्हे. अनुभवांची, हितसंबंधांची मोकळी देवाणघेवाण जिथे होते तो समाज, आणि बंधुता याच देवाणघेवाणीत असते. जात हा संघटित एकाकीपणा आहे. सवर्ण वाड्यातला माणूस भाऊबंदांनी वेढलेला असतो, पण वेशीबाहेरच्या माणसाबद्दल त्याला काडीची माहिती नसते. महाडचा जमाव असाच होता. त्यातल्या किती जणांनी परिषदेला आलेल्या एका तरी माणसाशी बसून बोलणं केलं असेल? ओळखीच्या माणसाबद्दलची अफवा आपण तपासतो, अनोळखी माणसाबद्दलची गिळतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तेच घडलं. पोटासाठी भटकणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना "मुलं पळवणारी टोळी" समजून जमावाने ठेचून मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीपासून तशा अफवा फिरत होत्या. पण मोबाईल नवा होता, संशय जुना होता. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का राहिला. मारणारा जमावही काही सरंजामदारांचा नव्हता. बहुजनांनीच बहुजनांना मारलं. कारण दोघे एकमेकांना ओळखत नव्हते.

काही मित्र म्हणतील, "ताई, पण कट तर खरेच होतात. आमच्याविरुद्ध व्यवस्था कट करतेच." बरोबर. म्हणूनच काळजी जास्त हवी. खैरलांजीला २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ते प्रकरण दाबलं जात असताना सत्य बाहेर आलं ते सत्यशोधन समित्यांमुळे, गावात जाऊन साक्षी नोंदवणाऱ्या, कागद गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. खरा कट उघड करायला नाव, तारीख, कागद, साक्षीदार लागतो, आणि तो कधीतरी खोटाही ठरू शकतो, हे मान्य करावं लागतं. षड्यंत्राच्या गोष्टीला यातलं काहीच लागत नाही. पुरावा मिळाला तर "बघा!", नाही मिळाला तर "बघा, लपवला!" १८७३ मध्ये जोतिबांनी समाजाला नाव दिलं "सत्यशोधक". सत्य शोधावं लागतं, ते फॉरवर्ड होऊन येत नाही.

आणि याचा सगळ्यात मोठा तोटा आपल्यालाच होतो. "तो विकला गेला", "ती त्यांचीच माणूस" ही वाक्यं आपल्या गटातटांत किती सहज फिरतात! प्रत्येक मतभेद गद्दारी ठरला की माणसं गप्प होतात, मग घरी बसतात, मग एकटी पडतात. आणि एकटं पडलेलं माणूस पुढच्या अफवेला तयार असतं. हे चक्र आहे.

आपल्या आज्या-पणज्यांपेक्षा जास्त एकटं कुणाला पाडलं होतं? पाणवठा बंद, देऊळ बंद, शाळेत वेगळी जागा. तरी त्यांच्यातून चळवळ उभी राहिली, कारण बाबासाहेबांनी त्या एकाकीपणाला संस्था दिल्या. "मूकनायक" (१९२०), बहिष्कृत हितकारिणी सभा (१९२४), वसतिगृहं, वाचनालयं, "बहिष्कृत भारत", समता सैनिक दल, महाविद्यालयं. वस्तीत एकजण पेपर मोठ्याने वाचायचा आणि दहाजण ऐकून वाद घालायचे. बातमी एकट्याच्या डोक्यात शिरत नव्हती, ती दहा जणांच्या चाळणीतून जात होती. महाडला हल्ला झाल्यावर आपली माणसं संख्येने कितीतरी जास्त होती. तरी बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही, प्रकरण कायद्याच्या मार्गाने नेलं आणि हल्लेखोरांना शिक्षा झाली.

केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. आपण हे नेहमी सांगतो. पण एक गोष्ट विसरतो. कालाम जमून आले होते, त्यांनी आपली शंका उघड विचारली होती. शंका विचारायला जागा असणं ही बुद्धिवादाची पहिली अट आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विहारात रविवारची वंदना झाली की लगेच चपला शोधू नका. अर्धा तास बसा. आठवड्यात आलेला एक मेसेज मोठ्याने वाचा आणि विचारा की हे कुणी, कधी, कशावरून सांगितलं. परीक्षेत अडकलेल्या, फोन न उचलणाऱ्या पोराच्या खोलीवर जा. महिन्यातून एकदा भटक्यांच्या पालावर, आदिवासी पाड्यावर, मुस्लिम मोहल्ल्यात चहाला जा. नुसते आपल्याच माणसांत बसलो तर आपलीही गायन मंडळंच होतील.

तो पुण्यातला मुलगा आता आमच्या अभ्यासिकेत येतो. अजूनही वाद घालतो, कधी कधी तेच मेसेज दाखवतो. पण आता दाखवताना विचारतो, "ताई, हे खरं असेल का?"

जय भीम!